पेशीपटल रंगवून एसएचजी आणि टू-फोटॉनखाली पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच तक्रार असते: रंग लावला, लेझर चालू आहे, तरी चित्र अर्धवट काळं का? म्हणून काळ्या भागांबद्दल इथे जरा जास्त लिहिलं आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे किचकट. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. टू-फोटॉन फ्लुओरेसन्स आणि एसएचजी एकच का? लेझर तर तोच लागतो.

लेझर तोच, ऑब्जेक्टिव्हही (नमुन्याकडचं भिंग) तेच, पण रेणूत घडतं ते वेगळं. टू-फोटॉनमध्ये रंगद्रव्याचा रेणू दोन फोटॉन एकदम शोषतो, थोडा वेळ उत्तेजित अवस्थेत राहतो, काही ऊर्जा गमावतो आणि मग कुठल्याही दिशेला एक फोटॉन सोडतो. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ च्या प्रबंधात ही शक्यता मांडली. डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी १९९० मध्ये ती सूक्ष्मदर्शकात आणली.

एसएचजी म्हणजे सेकंड हार्मोनिक जनरेशन. इथे ऊर्जा रेणूत साठतच नाही. दोन फोटॉन जुळून बरोब्बर निम्म्या तरंगलांबीचा एक फोटॉन निघतो: ९२० नॅनोमीटरचे ४६०, १०६४ चे ५३२. हा प्रकाश सुसंगत असतो, म्हणजे शेजारच्या रेणूंच्या लहरी एकमेकींत मिसळून वाढतात किंवा एकमेकींना खोडून टाकतात. फ्लुओरेसन्स रंगद्रव्य किती आहे ते सांगतो, एसएचजी ते कसं मांडलेलं आहे ते सांगतो. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

२. कोलॅजन आणि स्नायू बिनरंगाचे दिसतात. मग पेशीपटलाला रंग कशाला?

एसएचजीसाठी रचनेत एकतर्फीपणा लागतो. कोलॅजनच्या तंतूंत आणि स्नायूंच्या मायोसिनमध्ये तो मुळातच असतो. पेशीपटलात लिपिडचे दोन थर पाठीला पाठ लावून असतात आणि लिपिडचा स्वतःचा सिग्नल फार क्षीण असतो. रंगद्रव्य फक्त बाहेरच्या थरात बसवलं की सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि एकतर्फीपणा तयार होतो. तेच रंगद्रव्य दोन्ही थरांत सारखं बसलं तर समोरासमोरचे रेणू एकमेकांना खोडतात, कारण दोन थरांतलं चार-पाच नॅनोमीटरचं अंतर तरंगलांबीपुढे काहीच नाही.

३. कोणतं रंगद्रव्य घ्यावं?

प्रश्न काय आहे त्यावर ठरवा.

डाय-४-एनेप्स आणि डाय-८-एनेप्स ही स्टायरिल कुळातली, विद्युतदाबाला प्रतिसाद देणारी रंगद्रव्यं. डाय-८ च्या शेपट्या लांब असल्यामुळे ते पटलात जास्त वेळ टिकतं आणि आतल्या थरात सावकाश जातं. डाय-४ पटकन विरघळतं, पटकन रंगवतं आणि पटकन आतही शिरतं. तासभर काम असेल तर डाय-८ घ्या.

एफएम ४-६४ पाण्यात विरघळतं. त्यावर दोन धन प्रभार असल्याने ते पटल ओलांडत नाही, फक्त एंडोसायटोसिसने, म्हणजे पटल आत वळून पिशवी तयार होते तिच्यातून, आत जातं. १०६४ च्या आसपासचा लेझर असेल तर हेच आधी वापरून पाहा.

लॉर्डानचं काम वेगळं आहे. ते पटल किती घट्ट आणि किती सैल आहे ते सांगतं. त्यासाठी टू-फोटॉन फ्लुओरेसन्स लागतो, एसएचजी नाही. प्रश्न १२ आणि १३ पाहा.

४. स्टॉक (साठवायचं मूळ घट्ट द्रावण) किती तीव्रतेचा करायचा? हिशेब सांगाल का?

डाय-८-एनेप्सचा रेणुभार ५९२.९ आहे. ५ मिलिग्रॅमच्या बाटलीत ८.४ मायक्रोमोल येतात. त्यात ४.२ मिलिलिटर डीएमएसओ (एक द्रावक) घातलं की २ मिलिमोलर स्टॉक तयार होतो. एफएम ४-६४ चा रेणुभार ६०७.५ आहे. १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत १६५ मायक्रोलिटर पाणी घाला, १ मिलिमोलर होईल. लॉर्डानचा रेणुभार ३५३.५ आहे. ५ मिलिग्रॅमला २.८ मिलिलिटर डीएमएसओ घेतलं की ५ मिलिमोलर.

स्टॉक २०-५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून फॉइलमध्ये गुंडाळा आणि उणे २० वर ठेवा. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं, त्यामुळे एसी जोरात असलेल्या खोलीतही बाटली घट्ट झालेली दिसते. ते खराब झालेलं नसतं. खरी अडचण ओलाव्याची आहे. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली लवकर बिघडते. पाणी शिरलेल्या डीएमएसओमध्ये डाय-८ नीट विरघळत नाही आणि पेशींवर लाल कण दिसू लागतात. गोठलेली नळी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.

५. पेशी रंगवण्याची नेमकी पद्धत काय?

तळाला १.५ क्रमांकाची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची काच असलेल्या ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये पेशी वाढवा. प्लास्टिकच्या तळाची डिश चालत नाही. पॉलिस्टायरीन द्विअपवर्तक असतं, त्यामुळे लेझरचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राची दिशा, बिघडतं.

आधी सीरम आणि फिनॉल रेड (माध्यमातला रंगीत सूचक) नसलेल्या बफरने (एचबीएसएस हे क्षारांचं द्रावण चालतं) दोनदा धुवा. हा टप्पा टाळू नका. सीरममधलं अल्ब्युमिन हे रंगद्रव्य धरून ठेवतं, मग पेशी फिक्या राहतात आणि बफरच चमकतं.

डाय-८ साठी २ मायक्रोलिटर स्टॉक आणि २ मायक्रोलिटर प्लुरॉनिक एफ-१२७ (रंगद्रव्य पाण्यात पसरायला मदत करणारा पदार्थ, डीएमएसओमध्ये २० टक्के) एकत्र करा, २ मिलिलिटर बफरमध्ये घाला आणि लगेच व्हॉर्टेक्स करा. तीव्रता २ मायक्रोमोलर होते आणि डीएमएसओ ०.२ टक्क्यांवर राहतं. प्लुरॉनिकचं द्रावण गार झाल्यावर साका धरतं, ते कोमट करून पूर्ण विरघळल्यावरच वापरा. पेशींवर दहा मिनिटं ठेवा, एकदा धुवा आणि लगेच सूक्ष्मदर्शकावर न्या. बर्फावर रंगवलं तर रंगद्रव्य आत जाण्याचा वेग कमी होतो.

एफएम ४-६४ साठी ५ ते १० मायक्रोमोलर घ्या आणि धुऊ नका. ते पटलाला उलटसुलट चिकटतं-सुटतं, धुतलं की निघून जातं. बफरमध्ये राहिलं तरी बिघडत नाही, कारण पाण्यात ते जवळजवळ चमकत नाही. आणि पाण्यातले रेणू अस्ताव्यस्त असल्यामुळे त्यांच्याकडून एसएचजी येत नाही.

६. तरंगलांबी आणि पॉवर किती ठेवायची?

डाय-८ साठी ९२० ते ९५०, एफएम ४-६४ साठी १०४० ते १०६४, लॉर्डानसाठी ७८० ते ८०० नॅनोमीटर. लेझरची निम्मी तरंगलांबी रंगद्रव्याच्या शोषणाच्या शिखराजवळ आली की एसएचजी वाढतं, पण फ्लुओरेसन्स आणि पेशीचं नुकसानही वाढतं. म्हणून शिखरापासून थोडं लांब राहणं बरं.

पॉवर नमुन्यापाशी २ ते १० मिलिवॉट. आकडा लहान वाटेल, पण ८० मेगाहर्ट्झ आणि १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदांत १० मिलिवॉट सरासरी म्हणजे प्रत्येक स्पंदाला सुमारे सव्वा किलोवॉट होतात. या "नमुन्यापाशी" शब्दाकडे लक्ष द्या. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हखाली हवेत मीटर धरला तर कडेचे किरण आतच परततात आणि वाचन कमी येतं. ऑब्जेक्टिव्हच्या मागे मोजा आणि त्याच्या पारगम्यतेने गुणा.

जाड काचेतून जाताना स्पंद पसरतो. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद ५००० फेम्टोसेकंद-वर्ग इतक्या डिस्पर्शननंतर (काचेत वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाणं) १७० च्या आसपास होतो आणि सिग्नल जवळपास ४० टक्क्यांनी पडतो. लेझरमध्ये प्रीकम्पेन्सेशन (हा पसरटपणा आधीच भरून काढणारी सोय) असेल तर ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर ते पुन्हा जुळवा. पॉवर वाढवण्याआधी हे करा.

७. एसएचजीचा डिटेक्टर कुठे लावायचा आणि फिल्टर कोणते?

नमुन्याच्या पलीकडे. पेशीपटलाचं एसएचजी प्रामुख्याने पुढच्या दिशेला जातं आणि नेमकं अक्षावर नाही, तर तिरप्या दोन झोतांत. म्हणून कंडेन्सरचा (नमुन्यापलीकडचं, प्रकाश गोळा करणारं भिंग) न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे किती तिरपे किरण पकडता येतात त्याचं माप, ऑब्जेक्टिव्हइतका किंवा जास्त हवा. ०.५५ चा कंडेन्सर लावून "सिग्नलच नाही" म्हणणारे बरेच असतात. प्रकाश कंडेन्सरच्या बाहेरून निघून गेलेला असतो. कंडेन्सरचं छिद्रही पूर्ण उघडं ठेवा.

फिल्टर अरुंद घ्या: ९२० साठी ४६० वर केंद्र असलेला १० ते २० नॅनोमीटर रुंदीचा, १०६४ साठी ५३२ चा. त्यासोबत लेझर अडवणारा फिल्टर हवाच, कारण पुढच्या बाजूला लेझरचा पूर्ण झोत येतो. त्यासाठी बीजी३९ काच चांगली, पण एफएम ४-६४ च्या फ्लुओरेसन्स चॅनेलमध्ये ती चुकूनही लावू नका. तिची पारगम्यता ६०० च्या पुढे झपाट्याने पडते आणि हे रंगद्रव्य चमकतं त्याच्याही पुढे, खोल लाल भागात. तिथे काचेवर पातळ थर चढवलेला शॉर्ट-पास फिल्टर (फक्त लहान तरंगलांबी सोडणारा) वापरा.

८. पेशी लावण्याआधी सेटअप तपासायला स्वस्त नमुना आहे का?

बटाटा. कापलेल्या बटाट्यावर ब्लेड फिरवा, येणारं दुधी पाणी स्लाइडवर घ्या आणि कव्हरस्लिप ठेवा. स्टार्चचे कण मोठे असतात आणि त्यातली रचना केंद्रातून बाहेर पसरलेली असते, त्यामुळे एसएचजी भरपूर येतं. पीएमटीचा (प्रकाश मोजणारा डिटेक्टर) व्होल्टेज कमी ठेवून सुरुवात करा. रेषीय ध्रुवणाखाली प्रत्येक कणात दोन उजळ पाकळ्या आणि मध्ये काळी पट्टी दिसते. लेझरच्या वाटेत अर्धतरंग पट्टी (ध्रुवणाची दिशा फिरवणारी) फिरवली की पाकळ्याही फिरतात. पाकळ्यांचा अक्ष टिपून ठेवा. नमुन्यापाशी ध्रुवणाची दिशा कोणती आहे ते त्यावरून कळतं, आणि पुढच्या प्रश्नात ते लागणार आहे.

तेच पाणी उकळून पुन्हा पाहा. स्टार्च फुलून खळ झाली की रचना मोडते आणि सिग्नल जातो. "नाही" कसं दिसतं हेही डोळ्यांना कळलं पाहिजे.

९. गोल पेशीच्या दोनच बाजू चमकतात, उरलेली कड काळी. रंग नीट लागला नाही का?

रंग लागलेला असतो. रंगद्रव्याचे रेणू पटलाला काटकोनात उभे असतात आणि लेझरचं विद्युतक्षेत्र रेणूच्या लांबीला समांतर असेल तिथेच जोरदार प्रतिसाद येतो. क्षेत्र आडवं असेल तर पेशीची डावी-उजवी कड चमकते, वरची-खालची काळी राहते. ध्रुवण ९० अंशांनी फिरवलं की कमानी जागा बदलतात. त्या बदलल्या नाहीत तर मात्र रंग खरंच असमान लागला आहे.

पूर्ण कडं हवं असेल तर पाव-तरंग पट्टी लावून ध्रुवण वर्तुळाकार करा. डायक्रोइक आरसे (काही तरंगलांबी परतवणारे, बाकीच्या सोडणारे) ध्रुवण लंबगोल करतात, म्हणून पट्टी शक्यतो ऑब्जेक्टिव्हच्या लगेच आधी बसवा.

काचेला चिकटलेला पेशीचा तळ मात्र या उपायानेही उजळत नाही. तिथे रेणू लेझरच्या दिशेनेच उभे असतात आणि क्षेत्र त्यांना आडवं पडतं. तळाऐवजी पेशीच्या मध्यावर फोकस करा.

१०. दोन पेशी चिकटतात तिथे फ्लुओरेसन्स वाढतो पण एसएचजी गायब. पटल विरघळलं का?

नाही. उलट दोन्ही पटलं अगदी जवळ आली आहेत याचा तो पुरावा आहे. दोन्ही पेशींचे बाहेरचे थर समोरासमोर येतात, त्यातले रेणू उलट दिशांना तोंड करून असतात आणि दोन लहरी एकमेकींना खोडतात. फ्लुओरेसन्सला दिशा कळत नाही, म्हणून तो दुप्पट होतो.

एंडोसायटोसिसने आत गेलेल्या पिशव्यांचंही तसंच. एफएम ४-६४ पिशवीच्या एकाच थरात असतं, पण ५०-१०० नॅनोमीटरच्या गोळ्यात प्रत्येक रेणूसमोर उलट दिशेचा रेणू असतोच. फ्लुओरेसन्समध्ये ठिपके दिसतात, एसएचजीमध्ये काही नाही. हा फायदाच आहे, कारण एसएचजी चॅनेलमध्ये बाहेरचं पटल आपोआप वेगळं मिळतं.

म्हणून दोन्ही चॅनेल नेहमी एकत्र नोंदवा. केवळ एसएचजीचा काळा भाग दाखवून "इथे पटल नाही" असं लिहिणं चूक आहे. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ ही गफलत जुनीच आहे. फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये क्वार्ट्झमधून ६९४.३ नॅनोमीटरचा रुबी लेझर सोडून ३४७.२ चा ठिपका मिळवला, तिथून या विषयाची सुरुवात झाली. त्या निबंधाच्या छापील आकृतीत बाण आहे, ठिपका नाही. छपाईआधी तो डाग समजून पुसला गेला, असं सांगतात.

११. सुरुवातीला कडा छान असतात, वीसेक मिनिटांनी फिकट होतात. ब्लीचिंग का?

कधी ब्लीचिंग (प्रकाशाने रंगद्रव्य नष्ट होणं), बहुतेकदा थरबदल. फ्लुओरेसन्स चॅनेल पाहा. दोन्ही एकत्र कमी झाले तर ब्लीचिंग. फ्लुओरेसन्स तसाच राहून एसएचजीच उतरलं, तर रंगद्रव्य आतल्या थरात गेलं आहे. पहिल्यासाठी पॉवर कमी करा, दुसऱ्यासाठी तापमान कमी करा किंवा लांब शेपटीचं रंगद्रव्य घ्या.

एसएचजी रेणूंच्या घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून रंगद्रव्य निम्मं झालं की सिग्नल चौथाई होतो. "एसएचजी फार पटकन ब्लीच होतं" या समजाचं कारण बरंचसं हेच आहे.

१२. लॉर्डानचा जीपी (जनरलाइज्ड पोलरायझेशन) म्हणजे काय आणि तो कसा काढतात?

लॉर्डान पटलातल्या पाण्याला प्रतिसाद देतं. घट्ट पटलात पाणी कमी शिरतं आणि लॉर्डान ४४० च्या आसपास निळं चमकतं. सैल पटलात ४९० कडे सरकतं. ४००-४६० (निळा) आणि ४७०-५३० (हिरवा) असे दोन चॅनेल घ्या. पहिल्यातून दुसरा वजा करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा, तो जीपी. उणे १ ते अधिक १ च्या मध्ये कुठेतरी येतो. पेशींसाठी ५ मायक्रोमोलर, ३७ अंशांना ३० मिनिटं पुरतात.

लॉर्डान दोन्ही थरांत आणि आतल्या पटलांतही जातं. त्यामुळे बाहेरच्या पटलाचा जीपी हवा असेल तर कड मास्कने वेगळी काढावी लागते. ध्रुवणाचा परिणाम इथेही होतो. रेषीय ध्रुवणात घट्ट भाग दिशेनुसार उजळतात किंवा विझतात, म्हणून वर्तुळाकारच ठेवा.

१३. त्याच पेशींचा जीपी सोमवारी ०.३, बुधवारी ०.१. कोणता खरा?

दुरुस्ती केली नसेल तर एकही नाही. कच्चा जीपी पीएमटीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. रोज, त्याच सेटिंगवर, डीएमएसओमधल्या लॉर्डानचं चित्र घ्या. त्याचा संदर्भ जीपी ०.२०७ धरतात. पार्श्वभूमी वजा करून निळ्या चॅनेलला हिरव्याने भागा आणि ०.६५७ ने गुणा. हा झाला दुरुस्तीचा गुणक, जी. मग नमुन्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरव्या चॅनेलला जी ने गुणूनच सूत्र वापरा. व्होल्टेजला हात लागला की जी पुन्हा काढा.

एवढं करूनही आकडा हलत असेल तर तापमान पाहा. लिपिडची स्थिती एखाद-दोन अंशांनीही सरकते. खोली २२ अंश होती की २८, हे नोंदवल्याशिवाय जीपी लिहू नये. तपासणीसाठी एकाच लिपिडच्या दोन पुटिका (कृत्रिम पटलाच्या पिशव्या) ठेवा: डीओपीसीची (नेहमी सैल, जीपी ऋण) आणि डीपीपीसीची (४१ अंशांखाली घट्ट, जीपी धन). त्या आपापल्या जागी आल्या नाहीत तर पेशींचे आकडे वापरू नका.

आणखी एक: पेशीतलं एनएडीएचही (पेशीत मुळातच असलेला चमकणारा रेणू) निळ्या चॅनेलमध्ये चमकतं आणि जीपी खोटा वाढवतं. न रंगवलेल्या पेशींचं चित्र त्याच पॉवरला घ्या.

१४. दिसतंय ते एसएचजीच कशावरून?

तरंगलांबी बदलून पाहा. ९२० चा लेझर ९६० केला की ४६० च्या अरुंद फिल्टरमधला सिग्नल जवळजवळ शून्य झाला पाहिजे आणि ४८० मध्ये उगवला पाहिजे. फ्लुओरेसन्स असा उडी मारत नाही. दुसरी चाचणी मोडलॉक (लेझरचा प्रकाश स्पंदांत बांधणारी अवस्था) तोडण्याची: सरासरी पॉवर तीच, स्पंद गेले, तर चित्र पूर्ण काळं व्हायला हवं. तरीही काही दिसलं तर तो लेझरचा गळका प्रकाश किंवा खोलीतला मॉनिटर. पॉवर दुप्पट केल्यावर सिग्नल चौपट होणं ही चाचणी इथे उपयोगाची नाही, टू-फोटॉन फ्लुओरेसन्सही चौपटच होतो.

१५. एसएचजीतून पटलाचा विद्युतदाब मोजता येतो का?

बदल मोजता येतो. थेट मिलिव्होल्ट हवे असतील तर पॅच-क्लॅम्पने (पेशीला काचेची सूक्ष्म नळी लावून विद्युतदाब ठरवण्याची पद्धत) त्याच रंगद्रव्यावर आणि त्याच तरंगलांबीला कॅलिब्रेशन करावं लागतं. डॉम्बेक, ब्लँचर्ड-डेस आणि वेब यांनी २००४ मध्ये चेतापेशींतले ॲक्शन पोटेन्शियल (विद्युतदाबाचे क्षणिक झटके, म्हणजे स्पाइक) एसएचजीने नोंदवले. नुरिया, युस्ते आणि सहकारी २००६ मध्ये डेंड्राइटवरच्या (चेतापेशीच्या फांद्या) काट्यांपर्यंत पोचले.

अडचण फोटॉनांची आहे. ॲक्शन पोटेन्शियल मिलिसेकंदात संपतं आणि तेवढ्या वेळात एका पिक्सेलवर मोजकेच फोटॉन येतात. पूर्ण चौकट स्कॅन करू नका. पटलावरच्या एका रेषेवर वेगाने स्कॅन करा आणि अनेक स्पाइक एकत्र करून सरासरी घ्या. ध्रुवण इथे मुद्दाम रेषीय ठेवा, पटलाला काटकोनात.

१६. स्कॅन करताना पटलावर फोड येतात. पॉवर तर कमीच आहे.

रंगवलेली पेशी न रंगवलेल्या पेशीपेक्षा खूप नाजूक असते. उत्तेजित रंगद्रव्य ऑक्सिजनला क्रियाशील बनवतं आणि तेही पटलातच, लिपिडला खेटून. आधी रंगाची तीव्रता निम्मी करा, मग पिक्सेलवर थांबायचा वेळ कमी करून चौकटींची सरासरी घ्या. फोड आलेल्या पेशीचे नंतरचे आकडे टाकून द्या, कारण फोडाचं पटल सुटं झालेलं असतं आणि त्याचा जीपी, एसएचजी दोन्ही वेगळे येतात.

१७. पेशी फॉर्मल्डिहाइडने फिक्स (मारून आहे तशा स्थिर) करून रंगवल्या तर चालेल का?

एसएचजीसाठी नाही. फॉर्मल्डिहाइड प्रथिनं जोडतं, लिपिड बहुतेक मोकळेच राहतात. फिक्स केलेल्या पटलातून रंगद्रव्य आत झिरपतं, दोन्ही थरांत बसतं आणि एकतर्फीपणा संपतो. ट्रायटॉन (एक डिटर्जंट) लावला असेल तर लिपिडही निघून गेलेले असतात. आधी रंगवून मग फिक्स केलं तरी काही वेळातच प्रश्न ११ मधला थरबदल होतो. लॉर्डानचा जीपी फिक्स केलेल्या पेशींत काढता येतो, पण त्याची तुलना फक्त तशाच फिक्स केलेल्या पेशींशी करा, जिवंत पेशींच्या आकड्यांशी नाही.